सोमवारी रंगवलेल्या गाड्या

आमच्या घरी बैल दोन होते आणि मोटारी चार. कळंबात त्या काळी ज्याला नाद करायचा असेल तो शर्यतीच्या बैलांचा करायचा. खुराक, घाट, गुलाल, सगळं साग्रसंगीत. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, नाद होता मोटारींचा. तोही नव्या मोटारींचा नाही. जिचं नाव काढलं की मालकानंच कपाळाला हात लावावा, असली मोटार त्यांना लागायची. त्यांचं नाव हौशीराम. गावानं त्यावर काय काय विनोद केले ते मी सांगत बसत नाही.

मोटारी मिळायच्या कशा, ते मात्र सांगते. अण्णा दर सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजाराला जायचे आणि बैल कधीच घ्यायचे नाहीत. बाजाराला पारनेर, संगमनेरकडचे व्यापारी टेम्पो घेऊन येतात. ही माणसं गोठ्यागोठ्यांतून हिंडलेली असतात. कुणाच्या गोठ्यात कडब्याखाली काय उभं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. अण्णा त्यांना चहा पाजायचे आणि विचारायचे, "पावणं, कुटं एखादी मोटार कोंबड्या बसवून उभी दिसली का?" आमची डुक्कर फियाट अशीच सापडली. तिच्यात सात कोंबड्या होत्या आणि मागच्या सीटवर एक खुडूक अंडी घेऊन बसलेली होती. मालक म्हणाला, "पिल्लं निघू द्या, मग न्या." अण्णा एकवीस दिवस थांबले. लग्नाची तारीख काढावी तशी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली होती.

घरात कामाची वाटणी ठरलेली होती. माझा थोरला भाऊ गोरख इंजिन बघायचा. लष्कराच्या लिलावातून आणलेल्या जीपमध्ये त्यानं मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं, तेव्हा दोन महिने आमच्या भाकरीला ग्रीसचा वास होता. माझी आई साळुबाई सीटा शिवायची. तिनं फियाटच्या सीटांना जी पायपिंग लावली ती बघायला मंचरचे दोन शिंपी आले होते, हे ती पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगायची. मी, आरती, घरातलं शेंडेफळ, घासायची. पत्र्यातले खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायचे, ओल्या पॉलिश पेपरनं घासायचे, परत भरायचे, परत घासायचे. माझ्या वर्गातल्या मुली हाताला मेंदी लावायच्या तेव्हा माझ्या बोटांची सालं निघालेली असायची.

आणि रंग अण्णांचा. त्यात कुणी हात घालायचा नाही.

रंग ते डोळ्यानं बनवायचे. जुन्या गाडीच्या दाराचं रबर काढलं की खाली नखभर मूळ रंग शिल्लक असतो, ऊन-पाऊस न लागलेला. तो बघून ते डबे उघडायचे. जुन्नरचे महंमद हनीफ हे पत्र्याच्या कामातले उस्ताद आणि अण्णांचे जुने दोस्त. रंगाचं सामान त्यांच्या दुकानातून यायचं. डब्यात काठी फिरवत अण्णा थेंब थेंब निळा टाकायचे, थेंबभर काळा टाकायचे. मग पत्र्याच्या पट्टीवर एक हात मारून ती वाळवायची आणि त्या नखभर तुकड्याशेजारी धरायची. ते "झाला" म्हणाले की रंग झाला. मग हनीफचाचांनी कितीही डोळे ताणून फरक शोधावा. "हौशीभाऊच्या डोळ्यात तराजू हाये," असं ते म्हणायचे, आणि अण्णा ऐकलंच नाही असं दाखवायचे.

ह्या डोळ्यांचीच गोष्ट आहे.

पंच्याण्णव साली पावसाळा संपता संपता शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली आमच्या पांढऱ्या अँबॅसिडरला घासून गेली. डावीकडचं मागचं दार चेपलं. हनीफचाचांनी दार ठोकून सरळ केलं, मी लांबी भरली, घासलं, अण्णांनी रंग मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर पांढऱ्या गाडीला सायीच्या रंगाचं दार. मला वाटलं अजून एक हात मारायचा राहिलाय. अण्णा दाराशेजारी उभे होते, कमरेवर हात, चेहऱ्यावर समाधान. "कसा बसलाय?" मला म्हणाले.

मी म्हणाले, "लई भारी."

आजही मला ते दोन शब्द आठवले की स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, लहान नव्हते.

गोरखनं पाहिलं, आईनं पाहिलं. तिघं चुलीपाशी बसलो. गोरख म्हणाला, सांगून टाकू. आई म्हणाली, "अजिबात न्हाई. त्यांच्याकडं दुसरं काय हाये? शेती तू बघतोस, इंजिन तू बघतोस. रंगावर जगत्यात ते. मन मोडंल त्यांचं." मग तिनंच तोड काढली. अण्णा सोमवारी बेल्ह्याला जातात. सकाळी सहाच्या एसटीनं जातात आणि दिवस कलल्यावर येतात. तेवढ्यात दार पुन्हा होतं.

झालंही. सोमवारी मी सायीचा रंग घासून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा रंग बनवला. इतकी वर्षं अण्णांच्या काठीकडं बघत बसले होते, ते हातात उतरलं असावं. दुपारी दोनला दार पांढरं झालं, गाडीसारखं. अण्णा आले, वास आला म्हणाले. गोरख म्हणाला, मी जीपच्या चाकाला रंग मारला. अण्णा अँबॅसिडरजवळून गेले, दारावरून हात फिरवला आणि हात धुवायला गेले. त्यांना पांढरं आणि सायीचं एकच दिसत होतं. मी हसले. सुटलो एकदाचे, म्हणून हसले.

एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. फियाट आकाशी होती. तिच्या मडगार्डाला अण्णांनी जो आकाशी मारला तो हिरव्याकडं झुकला. सोमवारी पुन्हा आकाशी. मग अँबॅसिडरची डिकी, फियाटचं छत, पुढचं दार. हनीफचाचांना सांगावंच लागलं, कारण एकाच कामाचं सामान दोनदा कसं लागतं हे त्यांना कळलंच असतं. ते गप्प बसले, पण खूश नव्हते. अठ्ठ्याण्णवला माझं लग्न झालं, जवळच अवसरी खुर्दमध्ये दिलं. तरी काम दिसलं की सोमवारी मी कळंबला हजर. सासूबाईंना वाटायचं मी सोमवार धरलाय आणि माहेरच्या महादेवाला जाते. त्या मला दुपारी जेवायला थांब म्हणायच्या नाहीत. संध्याकाळी थिनरच्या वासाची मी परत आले की म्हणायच्या, देवळात धूप फार जाळतात वाटतं.

आम्ही तिघं ह्यावर हसायचो. हे मी लपवत नाही. आमच्या घरात त्या काळात एक चोरटा आनंद होता. अण्णांना सांभाळून घेतोय, त्यांना कळूही देत नाही, किती शहाणे आपण, असं वाटायचं. आई त्याला माया म्हणायची. मी आता भित्रेपणा म्हणते. त्यांच्यासमोर उभं राहून "अण्णा, चुकला" एवढं म्हणायची आमच्यातल्या एकाचीही छाती झाली नाही.

मला खरी चपराक बसायला हवी होती ती सत्त्याण्णव साली, लग्नाच्या आधीच. बसली नाही. गावात डोळ्यांचं शिबिर आलं होतं. शाळेच्या ओट्यावर म्हातारी माणसं रांगेत. आरोग्यसेविका म्हणून शीला नावाची मुलगी होती, हुशार होती. तिनं अण्णांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाली, "बाबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्यात जास्त. नाव लिहिते, पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला न्यायला गाडी येईल."

अण्णा म्हणाले, "मला दिसतंय की."

"दिसत असेल, पण धुरकट. रंगात फरक कळत नसेल."

झालं. ह्या माणसाला रंग कळत नाही म्हणणं म्हणजे! अण्णांनी तिला हाताला धरूनच आमच्या अंगणात आणलं. मागून निम्मी रांग आली. अँबॅसिडरपुढं तिला उभी करून म्हणाले, "पोरी, हितं एक दार आणि ही डिकी मी ह्या दोन वर्षांत रंगवलीया. बाकी गाडी त्याच्या आधीची. दार कुठलं ते सांग. सांगितलंस तर आत्ता नाव लिही."

शीलानं चारी दारं बघितली. वाकून बघितली, लांबून बघितली. शेवटी हसली आणि म्हणाली, "नाही सांगता येत बाबा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "हौशीराम, डाक्टरीनबाईला पाणी पाजलंस!" अण्णा ताठ मानेनं उभे होते. "रंग जुळतोय ना? मग डोळ्याला काय धाड भरलीय?"

ते दार माझं होतं. मी पाच हातांवर उभी होते. एक वाक्य बोलले असते तर त्यांचं नाव त्या वहीत गेलं असतं. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी गोरखकडं पाहिलं, गोरख बैलांना पाणी दाखवायला गेला. शीला बॅग घेऊन निघून गेली.

त्यानंतर डोळ्याचा विषय कुणी काढला की अण्णा तोच दाखला द्यायचे. सरकारी बाईला नाही ओळखता आलं. आमच्या लबाडीवर त्यांचा पक्का विश्वास बसला होता, आणि ती एक उघड करायची तर आधीच्या सगळ्या उघड कराव्या लागल्या असत्या. माझ्या लग्नानंतर एकदा हनीफचाचांनी मला दुकानात थांबवून सुनावलं, "बेटी, तुमी गाडी रंगवत नाय, त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधताय. मी सामान देतो म्हणजे मी पण त्यातला. पण तू लेक हायेस. तू बोल." मी म्हणाले, दसरा होऊ द्या, मग बोलते. दसऱ्याला अण्णा चारी गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून ओळीत उभ्या करायचे आणि आख्खं गाव बघायला यायचं. त्यांच्या त्या दिवसावर विरजण नको, असं मला वाटलं. दसरा झाला. मग मी दिवाळी होऊ द्या म्हणाले.

नव्याण्णवच्या मे महिन्यात भर दुपारी अण्णा ओसरीवर बसलेले असताना उजवा डोळा धरून कळवळले. डोळा लालभडक, कपाळ फुटतंय असं दुखत होतं, ओकाऱ्या सुरू. आईला वाटलं पित्त. तिनं आल्याचा रस दिला, डोक्याला थंड पाण्याची पट्टी ठेवली. संध्याकाळी गोरखनं मला निरोप धाडला. मी आले, तो डोळा बघितला आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता पुण्याला. अँबॅसिडरमधूनच नेलं. मागच्या दाराला टेकून अण्णा बसले होते.

डॉक्टर म्हातारे होते, शांत होते. त्यांनी सांगितलं ते मला शब्दाला शब्द आठवतं. मोतीबिंदू इतका पिकला की फुगला, डोळ्यात दाब वाढला, नस गेली. हा डोळा आता येणार नाही. डाव्याचं ऑपरेशन लगेच करू, तो वाचेल. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "तीन-चार वर्षं तरी दिसायला कमी झालं असणार. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

अण्णा म्हणाले, "आलं असतं डॉक्टर. मी रंगाचं काम करतो. डोळा चुकला असता तर रंग चुकला असता. माझा रंग एकदा बी चुकला न्हाई."

बाहेरच्या बाकावर मी अण्णांना सगळं सांगितलं. दार, मडगार्ड, डिकी, छत. सोमवार. शीलाला न ओळखता आलेलं दार माझं होतं, हेही. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडायला हवे होते. ते आपल्या दोन्ही हातांकडं बघत बसले. मग एवढंच विचारलं, "हनीफला म्हाईत व्हतं?"

मी हो म्हणाले.

"आन् तुझ्या आईला?"

"आईनंच सांगितलं होतं अण्णा, तुम्हाला बोलायचं नाही म्हणून."

त्यावर त्यांनी मान हलवली आणि ऑपरेशन होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

डावा डोळा छान झाला. पट्टी काढल्यावर घरी आले, आईकडं बघितलं आणि म्हणाले, "ही साडी निळी हाये व्हय? मी हिरवी समजत व्हतो." आई हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. महिनाभर त्यांनी अंगणाकडं पाठ केली. गाड्यांवर धूळ बसली. बेल्ह्याला जाणंही बंद. सोमवार उजाडला की आमच्यापैकी कुणाचीच त्यांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत व्हायची नाही. मला वाटायचं, डोळ्यापेक्षा मोठं काहीतरी आम्ही त्यांचं घालवलंय. आपण केलेलं बरोबर आहे का, हे विचारायला त्यांना आता जगात कुणी उरलं नव्हतं.

मग जुलैत एका रविवारी त्यांनी हनीफचाचांना बोलावून घेतलं. मी आलेलेच होते. आम्हा चौघांना अंगणात उभं केलं आणि गोरखच्या पोरीच्या पाटीवरचा खडू मागितला. म्हणाले, "पंच्याण्णवच्या ट्रॉलीनंतर मी दहा कामं केली. दहाच्या दहा मला पाठ हायेत. आता मी बघतो."

ते एकेका कामापुढं जाऊन उभे राहिले. त्यांची पारख अगदी साधी होती. जिथं रंग बरोबर बसलाय, ते काम त्यांचं नाही. अँबॅसिडरचं दार: पांढऱ्याला पांढरं. फुली. डिकी: फुली. फियाटचं मडगार्ड, छत, पुढचं दार, मग बाकीची चार. रंगावर खडू करकरत होता. नवव्या फुलीपर्यंत त्यांचं एकदाही चुकलं नाही. नऊच्या नऊ माझी होती. प्रत्येक फुली माझ्या चोरीवर पडत होती, आणि तरी मला कुठंतरी बरं वाटत होतं, कारण डोळा परत आला होता. अगदी पूर्वीचा.

दहावं काम हेराल्डचं. आमची चौथी गाडी, लाल स्टँडर्ड हेराल्ड, तिचं बॉनेट. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीतलं काम. त्या सोमवारी मी अवसरीहून सगळ्या तयारीनं आले होते, बॉनेटपुढं उभी राहिले आणि तशीच परत गेले. करण्यासारखं काही नव्हतंच. लालाला लाल, केसभर फरक नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मोतीबिंदूत पांढऱ्या-निळ्याची ओळख आधी जाते, लाल बराच काळ दिसत राहतो. ते बॉनेट सगळंच्या सगळं अण्णांचं होतं.

अण्णा त्याच्यापुढं बराच वेळ थांबले. वाकले. बॉनेट आणि मडगार्डाच्या मधल्या फटीवरून नख फिरवलं. खडू टेकवला.

"अण्णा, ते तुमचं हाये," मी म्हणाले. "त्याला आमी हात नाय लावला."

"आरते, आता बास."

"देवाशप्पथ," गोरख म्हणाला.

आई पुढं झाली. "आवं, खरंच तुमचं हाये ते. ही पोरगी आली व्हती, बघून माघारी गेली."

"हौशीभाऊ," हनीफचाचा म्हणाले, "त्या लालचं सामान माझ्याकडनं एकदाच गेलं. दुसऱ्यांदा कुणी आलं नाय. अल्लाची कसम."

अण्णांनी आम्हा चौघांकडं एकेक करून पाहिलं, एका डोळ्यानं. रागावलेले नव्हते. "चार वर्षं तुमी चौघं असंच एका तोंडानं बोलत व्हता," ते म्हणाले, आणि बॉनेटवर दहावी फुली मारली.

मला रडू आवरेना. अण्णा जवळ आले, खडूचा हात धोतराला पुसून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"रडू नगं," म्हणाले. "सगळ्यांत ह्योच चांगला जमलाय तुला."